अमेलोब्लास्टोमा : जबड्याची शस्त्रक्रिया आणि काढलेल्या गाठीची तपासणी

कृष्णाकाठ (धागालेखिका)

नमस्कार. खालच्या जबड्यातील अमेलोब्लास्टोमा या गाठीसाठी माझ्या दोन शस्त्रक्रिया झाल्या. पहिली २०१६ साली झाली आणि पाऊण तासात आटोपली. दुसरी २०२२च्या जानेवारीत झाली आणि तिला साडेनऊ तास लागले. पहिल्या वेळी काढलेला तुकडा तपासणीला पाठवला असता, तर दुसरी वेळ बहुधा इतक्या उशिरा आणि इतकी मोठी होऊन आली नसती, असे मला आजही वाटते. म्हणूनच हा धागा काढते आहे.

ही गाठ कर्करोगाची नसते. दात तयार करणाऱ्या पेशींचे जे अवशेष जबड्यात राहून जातात, त्यांपासून ती उगवते आणि दहांतील आठ रुग्णांत ती खालच्या जबड्यात, बहुतेक वेळा मागच्या दाढांच्या बाजूला असते. ती दुखत नाही, हीच तिच्याबाबतीत सर्वांत फसवी गोष्ट आहे. शाळेच्या वार्षिक छायाचित्रात माझा डावा गाल भरलेला दिसतो, असे एका सहकारी शिक्षिकेने दाखवले, तेव्हा मी प्रथम दंतवैद्यांकडे गेले. ओपीजीमध्ये, म्हणजे पूर्ण जबड्याच्या क्ष-किरणचित्रात, हाडात अडकलेल्या अक्कलदाढेभोवती सुपारीएवढी काळी पोकळी होती. दाढेभोवतीची सिस्ट, म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी आहे, दाढेसकट काढून टाकू, असे सांगण्यात आले आणि त्याप्रमाणे ती काढली. शस्त्रक्रियेनंतर मला ट्रेमध्ये ती पिशवी दाखवली होती. फुटलेल्या फुग्याच्या रबरासारखी, पांढुरकी आणि सुरकुतलेली. त्यानंतर ती कचऱ्यात गेली. डिस्चार्जच्या कागदावर ‘सिस्ट काढली’ एवढेच दोन शब्द होते आणि मी तो कागद समाधानाने फाइलला लावला.

२०२१च्या पावसाळ्यात भाकरी चावताना शेजारची दाढ हलली. जिभेच्या बाजूने बोट फिरवले तेव्हा हाड फुगलेले लागले आणि दाबल्यावर अंड्याचे कवच चुरचुरावे तसे झाले. नव्या ओपीजीत पहिल्या दाढेपासून कानाच्या दिशेने वर चढणाऱ्या हाडापर्यंत साबणाच्या फेसासारखे बुडबुडे दिसत होते. या वेळी मी दुसऱ्या रुग्णालयात गेले. तेथील मुखशल्यचिकित्सकांनी आधी सुईने आत रक्त नाही याची खात्री केली, मग लहानसा तुकडा काढून तपासणीला पाठवला. बारा दिवसांनी अहवाल आला. त्यात अमेलोब्लास्टोमा, फॉलिक्युलर प्रकार, असे स्पष्ट लिहिले होते.

मला ज्या क्षणी सारे समजले तो सांगते. डॉक्टरांनी माझ्या ओपीजीवर ट्रेसिंग पेपर ठेवला. गाठीची दिसणारी कड तांबड्या पेन्सिलीने काढली आणि तिच्यापासून बरेच अंतर सोडून निळ्या पेन्सिलीने दोन रेषा ओढल्या. ‘गाठ येथे दिसते, पण आपण येथे कापायचे,’ असे ते म्हणाले. दोन निळ्या रेषांमध्ये माझ्या जबड्याचे जवळजवळ आठ सेंटिमीटर हाड होते. कर्करोग नाही म्हणता आणि जबडा कापता, हे कसे, असा प्रश्न मी विचारला. त्यांनी त्याचे उत्तर न चिडता, अर्धा तास देऊन दिले. तेवढा वेळ २०१६ साली कोणी दिला असता तर बरे झाले असते.

कापलेल्या हाडाच्या जागी माझ्या उजव्या पायातील फिब्युला, म्हणजे पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड, त्याच्या रक्तवाहिन्यांसह बसवले. आज त्या हाडात तीन इम्प्लांट, म्हणजे दात बसवण्याचे खुंट, आहेत, त्यांवर दात आहेत आणि मी भाकरी खाते. खालच्या ओठाचा डावा भाग मात्र कायमचा बधिर आहे, कारण त्याला संवेदना देणारी नस गाठीतून जात होती आणि ती हाडाबरोबर काढावी लागली. ओठ हलतो, त्यामुळे प, फ, ब, भ, म हे वर्ण नीट उच्चारता येतात. मराठी शिकवणाऱ्या बाईला याचे मोल किती, हे वेगळे सांगायला नको. पण चहाचा थेंब ओठावरून हनुवटीवर उतरला तर तो पदरावर पडेपर्यंत मला कळत नाही. आता कप खाली ठेवला की रुमाल आपोआप ओठाकडे जातो.

येथे कोणाला किंवा कोणाच्या घरात अशी गाठ असेल तर त्यांनी अवश्य लिहावे. मला माहीत आहे तेवढे मी सांगेन. वैद्यक क्षेत्रातील सभासदांनी माझ्या चुका दुरुस्त कराव्यात.

रानजाई

ताई, आपण लिहिलेले मी दोनदा वाचले. माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे आणि आम्ही नाशिक जिल्ह्यात राहतो. त्याच्या खालच्या जबड्यात उजवीकडे अशीच पोकळी दिसली आहे. एका ठिकाणी ‘खरवडून काढू, दोन दिवसांत घरी जाल’ असे सांगितले, तर दुसऱ्या ठिकाणी आधी बायोप्सी करायला सांगितली. घरातील मोठ्या माणसांना साहजिकच पहिला पर्याय बरा वाटतो. गाठ साधी आहे, मग उगीच मोठे ऑपरेशन कशाला ओढवून घ्यायचे, असे आमचे काका म्हणतात. भाऊ शेती करतो. पायातील हाड काढल्यावर त्याला नांगरटीच्या रानात चालता येईल का, हीच आईला सर्वांत मोठी काळजी आहे. खर्चाचाही प्रश्न आहे. कृपया सविस्तर सांगावे.

मुखशल्य

मी मुख व जबडा शल्यचिकित्सक आहे. कोणाच्याही वैयक्तिक प्रकरणात क्ष-किरणचित्र आणि रुग्ण न पाहता निर्णय देणे योग्य नाही, म्हणून केवळ तत्त्व सांगतो.

ही गाठ दूरच्या अवयवांत सहसा पसरत नाही, या अर्थाने ती साधी आहे. परंतु जेथे आहे तेथे ती हाडात शिरत राहते. जबड्याच्या हाडाचा आतला भाग स्पंजासारखा सच्छिद्र असतो आणि गाठीच्या पेशींच्या बारीक जिभा त्या छिद्रांमधून, हाड न विरघळवता, पुढे सरकलेल्या असतात. हाड विरघळल्याखेरीज क्ष-किरणांत काळे दिसत नाही. त्यामुळे फिल्मवर जेथे गाठ संपलेली दिसते, तेथून साधारण २ ते ८ मिलिमीटर पुढेही पेशी सापडतात. खरवडणारे उपकरण दिसणाऱ्या पोकळीच्या भिंतीपर्यंतच पोहोचते आणि पुढे गेलेल्या जिभा मागे राहतात. म्हणून नेहमीच्या प्रकारच्या अमेलोब्लास्टोमात केवळ खरवडल्यानंतर निम्म्याहून अधिक रुग्णांत गाठ परत येते. दिसणाऱ्या कडेपासून १ ते २ सेंटिमीटर निरोगी हाड सोबत घेऊन काढल्यास हे प्रमाण दहांत एखाद्यावर किंवा त्याहूनही खाली येते. गाठ हाडाचे बाहेरचे कवच फोडून आली असेल, तर तिच्यावरचा मऊ भागाचा एक अबाधित थरही सोबत काढावा लागतो. धागालेखिकेने वर्णन केलेल्या तांबड्या आणि निळ्या रेषांमधील अंतर ते हेच.

याचा अर्थ प्रत्येक वेळी जबडा दुभंगावा लागतो असे नाही. गाठ लहान असेल आणि जबड्याच्या खालच्या कडेचे सुमारे १ सेंटिमीटर हाड सुरक्षितपणे राखता येत असेल, तर वरचा भाग काढून खालची कड शाबूत ठेवता येते. जबड्याची सलगता टिकते, चेहऱ्याचा आकार टिकतो आणि पायाच्या हाडाची गरजच पडत नाही. हे शक्य होईल का, ते सीटी स्कॅन पाहून ठरते. म्हणूनच जितक्या लवकर निदान, तितके हे शक्य होण्याचा संभव अधिक.

वरच्या जबड्यात गाठ असेल तर मी अधिक सावध असतो. तेथले हाड पातळ असते, सायनस, म्हणजे गालाच्या हाडातील हवेची पोकळी, लगेच लागतो आणि त्यापुढे डोळ्याची खोबण व कवटीचा तळ असतो. तेथे परत आलेल्या गाठीला गाठणे फार अवघड जाते.

मात्र या सर्वांच्या आधी बायोप्सी. रानजाई यांच्या भावाला ज्यांनी आधी बायोप्सी सांगितली, त्यांचा सल्ला योग्य आहे. ओपीजीवर डेंटिजेरस सिस्ट, केराटोसिस्ट, मिक्सोमा हे जबड्याचे इतर आजार आणि अमेलोब्लास्टोमा एकमेकांसारखे दिसू शकतात आणि प्रत्येकाचे उपचार वेगळे आहेत.

सोनटक्का

मुखशल्य यांचे म्हणणे मान्य करूनही मला एक वेगळा अनुभव नोंदवावासा वाटतो, कारण हा धागा वाचून एखादा बाप घाबरून आपल्या लेकराचा जबडा कापायला निघू नये. माझी मुलगी १४ वर्षांची असताना तिलाही अमेलोब्लास्टोमाच झाला होता. परंतु तो युनिसिस्टिक प्रकारचा, म्हणजे एकाच पोकळीचा होता आणि वाढीच्या वयात इतकी मोठी शस्त्रक्रिया टाळावी असे डॉक्टरांचे मत पडले. त्यांनी पोकळीला तोंडातून एक लहान वाट केली आणि तीत नळी बसवली. मी रोज सकाळी आणि रात्री सिरिंजने सलाइन सोडून ती पोकळी धुत असे. पहिले काही दिवस मुलगी रडायची आणि माझा हात थरथरायचा. नंतर ती आरशासमोर उभी राहून स्वतःच ते करू लागली. अकरा महिन्यांत पोकळी निम्म्याहून लहान झाली, भोवती नवे हाड भरले आणि मग उरलेले अस्तर एका शस्त्रक्रियेत काढले. त्या जागी काही मिनिटे औषधाचा बोळाही ठेवला होता. या गोष्टीला सहा वर्षे झाली. गाठ परत आलेली नाही आणि तिचा चेहरा जसा होता तसा आहे. तेव्हा ‘अमेलोब्लास्टोमा म्हणजे जबडा कापणे’ असे सरसकट म्हणू नये, एवढेच माझे सांगणे आहे.

मुखशल्य

सोनटक्का यांनी हे लिहिले ते फार बरे झाले. माझ्या आधीच्या प्रतिसादात ‘नेहमीच्या प्रकारचा’ असे शब्द होते, पण त्यांचा खुलासा मी करायला हवा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७च्या वर्गीकरणात नेहमीचा, युनिसिस्टिक आणि हाडाबाहेर हिरडीत होणारा असे वेगळे प्रकार दिलेले आहेत. युनिसिस्टिक प्रकार तरुण वयात अधिक आढळतो. त्यातही गाठीच्या पेशी कोठे आहेत हे पाहावे लागते. त्या केवळ अस्तरात असतील किंवा पोकळीच्या आत वाढलेल्या असतील, तर अस्तर काळजीपूर्वक सोलून काढणे पुरू शकते. त्या पोकळीच्या भिंतीत शिरलेल्या असतील, तर ती गाठ वागायला नेहमीच्या प्रकारासारखी असते आणि तिला तसेच वागवावे, असे बहुतेकांचे मत आहे.

तुमच्या मुलीला जो बोळा लावला, तो बहुधा कार्नॉयच्या द्रावणाचा असावा. अल्कोहोल, क्लोरोफॉर्म, अ‍ॅसिटिक आम्ल आणि फेरिक क्लोराइड यांचे ते मिश्रण असते आणि ते उरलेल्या पेशी हाडात थोड्या खोलीपर्यंत मारते. क्लोरोफॉर्मच्या दुष्परिणामांमुळे आता अनेक ठिकाणी तो वगळून केलेले द्रावण वापरतात. नस उघडी असेल तर ते जपूनच लावावे लागते. आणि कृपया वार्षिक तपासणी थांबवू नका. परत येणाऱ्या गाठींपैकी निम्म्याहून अधिक पहिल्या पाच वर्षांत दिसतात हे खरे, पण दहा आणि वीस वर्षांनी परत आलेल्याही आहेत.

काचपट्टी

मी पॅथॉलॉजीत काम करते. धागालेखिकेच्या त्या ट्रेमधील पिशवीविषयी वाचून वाईट वाटले, कारण निदान तिच्यातच होते.

अमेलोब्लास्टोमाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर कडेच्या पेशी कुंपणाच्या काठ्यांसारख्या एका ओळीत उभ्या असतात आणि त्यांची केंद्रके तळापासून दूर, वरच्या टोकाला सरकलेली असतात. दात घडताना एनॅमल, म्हणजे दाताचे बाहेरचे कठीण आवरण, करणाऱ्या पेशी अशाच उभ्या राहतात. विकर्स आणि गॉर्लिन यांनी १९७० साली ही लक्षणे नीट मांडली आणि आजही आम्ही तीच पाहतो. एखाद्या सिस्टच्या अस्तरात हे चित्र सगळीकडे नसते, एखाद्या कोपऱ्यातच असते. म्हणून लहान तुकड्यावरून युनिसिस्टिक प्रकाराचे निदान झाले, तर पूर्ण काढलेली पिशवी पुन्हा सर्व बाजूंनी तपासावी लागते. भिंतीत पेशी शिरल्या आहेत का, हे त्याशिवाय सांगता येत नाही. बायोप्सी एकदा झाली आहे, मग पुन्हा तपासणी कशाला, असे नातेवाईक विचारतात. त्याचे उत्तर हे आहे.

तुकडा प्रयोगशाळेत पोहोचवायचे काम आपल्याकडे पुष्कळदा नातेवाइकांवर पडते, म्हणून दोन गोष्टी सांगते. तुकडा फॉर्मॅलिन या टिकवणाऱ्या द्रावणातच हवा आणि फॉर्मॅलिन तुकड्याच्या सुमारे दहापट हवे. सलाइनमध्ये किंवा कोरड्या कापसात आणलेला तुकडा वाटेतच खराब होऊ लागतो आणि मग आम्हाला कितीही इच्छा असली तरी खात्रीने काही लिहिता येत नाही. हाड किंवा दात सोबत असेल तर ते आधी आम्लात ठेवून मऊ करावे लागते, त्याशिवाय त्याचे पातळ काप निघत नाहीत. त्यासाठी काही दिवस आणि मोठ्या हाडाला काही आठवडेही लागतात. अहवाल उशिरा आला म्हणजे काहीतरी भयंकर निघाले, असे समजू नये.

दुसरे मत घ्यायचे असेल तर पुन्हा तुकडा काढण्याची गरज सहसा नसते. तुकडा मेणात बसवून केलेले ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड प्रयोगशाळेत जपलेल्या असतात. लेखी मागणी करून त्या दुसऱ्या तज्ज्ञांना दाखवता येतात.

आणखी एक. या गाठीचे जुने नाव अ‍ॅडमँटिनोमा असे होते. १९३० साली आयव्ही आणि चर्चिल यांनी अमेलोब्लास्टोमा हे नाव वापरात आणले. आज अ‍ॅडमँटिनोमा म्हणतात तो पायाच्या नडगीच्या हाडात होणारा वेगळाच, आणि कर्करोगाच्या गटातील आजार आहे. एखाद्या जुन्या कागदावर तो शब्द पाहून इंटरनेटवर शोध घेतला तर माणूस विनाकारण हादरतो. माझ्याकडे असे एक कुटुंब रडत आले होते.

रानजाई

सर्वांची मनापासून आभारी आहे. काकांना सोनटक्का यांचा आणि मुखशल्य यांचा, असे दोन्ही प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. बायोप्सी करायची हे आता घरात ठरले आहे. माझ्या भाच्याने मात्र कोठेतरी वाचले की यावर आता गोळ्या निघाल्या आहेत. ते खरे आहे का? आणि पायाविषयी ताईंनी सांगावे, ही आईची विनंती आहे.

काचपट्टी

गोळ्यांची बातमी अर्धी खरी आहे. २०१४ साली असे आढळले की बऱ्याचशा अमेलोब्लास्टोमांत, विशेषतः खालच्या जबड्यातील, बीआरएएफ या जनुकात एक ठरावीक बदल असतो. तोच बदल त्वचेच्या एका कर्करोगातही असतो आणि त्यावर डॅब्राफेनिबसारखी औषधे आधीपासून आहेत. ज्यांची गाठ शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेली आहे किंवा पुन्हा पुन्हा येते आहे, अशा काही रुग्णांत ती दिल्यावर गाठ आक्रसल्याची उदाहरणे प्रसिद्ध झाली आहेत. पण रुग्णसंख्या थोडी आहे, औषधे महाग आहेत आणि त्यांचे दुष्परिणामही आहेत. पहिल्यांदाच निदान झालेल्या, नीट काढता येण्याजोग्या गाठीसाठी आजही शस्त्रक्रियाच मुख्य उपचार आहे.

कृष्णाकाठ

रानजाई, आईंना सांगा की मी चालते, शाळेचे दोन जिने रोज चढते आणि गेल्या वर्षी शाळेच्या सहलीत सज्जनगडही चढले.

शरीराचा बहुतेक भार नडगीचे मोठे हाड पेलते, म्हणून शेजारचे फिब्युला उसने घेता येते. ते सगळे काढत नाहीत. घोट्याजवळ सहा-सात सेंटिमीटर ठेवतात, म्हणजे घोटा ढिला पडत नाही, आणि गुडघ्याजवळही तेवढे ठेवतात, कारण तेथे एक महत्त्वाची नस हाडाला वळसा घालून जाते. शस्त्रक्रियेआधी पायांच्या रक्तवाहिन्यांचा सीटी काढला होता. एखाद्याच्या पायाचा रक्तपुरवठा मुख्यतः फिब्युलासोबत घ्यायच्या रक्तवाहिनीवरच अवलंबून असला, तर तो पाय घेता येत नाही, असे मला समजावले होते. चौथ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिले आणि दीड महिन्यात काठी सोडली. जी उणीव राहिली ती अशी की उजव्या पायाच्या अंगठ्याची पकड कमी झाली. आधी मला हे कोणी सांगितले नव्हते. ते कळले कोल्हापुरी चप्पल घातल्यावर. अंगठा तिच्या अंगठ्यात घट्ट बसेना आणि चप्पल पायातून निसटू लागली. वर्षभर मागे पट्टा असलेली चप्पल वापरली. पावसाळ्यात घोट्यावरची जागा अजूनही ओढते. आपल्या भावाला चिखलात अनवाणी चालावे लागते, त्यामुळे त्याने अंगठ्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून पहिल्या महिन्यातच सुरू करावेत. मी ते उशिरा सुरू केले.

पायाचे सरळ हाड जबड्याच्या वळणाचे कसे होते, याची मला फार उत्सुकता होती. माझ्या सीटीवरून त्यांनी जबड्याचा प्लास्टिकचा नमुना छापून घेतला होता आणि टायटॅनियमची प्लेट त्यावर आधीच वाकवून ठेवली होती. फिब्युलाला एका ठिकाणी छेद देऊन कोन साधला, दोन तुकडे प्लेटवर स्क्रूने बसवले आणि त्याची धमनी व शिरा मानेतील रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक टाक्यांनी जोडल्या. तो नमुना त्यांनी मला नंतर दिला. माझ्या वर्गातील मुलांनी तो हातात घेऊन पाहिला आहे.

पहिले तीन दिवस अतिदक्षता विभागात परिचारिका दर तासाला टॉर्च घेऊन येत. हाडासोबत घेऊन तोंडात शिवलेल्या पायाच्या त्वचेचा रंग पाहत, बोट लावून ऊब पाहत आणि मधूनमधून सुईचे टोक टोचत. लालभडक रक्ताचा थेंब आला की पुढच्या खाटेकडे जात. काळपट आला असता तर शीर तुंबली असे समजून मला पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागले असते. त्या दिवसांत मी त्या थेंबाची वाट पाहत असे.

औदुंबर

माझ्या वडिलांची अशीच शस्त्रक्रिया झाली, त्यामुळे घरी सांभाळणाऱ्याच्या बाजूने थोडे लिहितो. अन्न देण्याची नाकातील नळी त्यांना सोळा दिवस होती. घट्ट काही नळीतून जात नाही आणि पातळ पाण्यावर माणूस झडतो. नाचणीच्या सत्त्वाची पेज, मुगाचे कढण, दूध-अंडे एकत्र घुसळून, असे दर अडीच तासांनी आम्ही देत असू. सर्व काही पातळ मलमलीतून दोनदा गाळावे. एकदा घाईत आईने एकदाच गाळले आणि मुगाचे एक टरफल नळीत अडकले. रात्री साडेअकराला नळी बदलावी लागली. प्रत्येक वेळी दिल्यानंतर नळीत साधे पाणी सोडायचे आणि डोक्याकडची बाजू उंच ठेवायची. तंबाखूविषयी तर डॉक्टरांनी आधीच तंबी दिली होती. वडिलांनी शस्त्रक्रियेच्या महिनाभर आधी मिश्री आणि तंबाखू दोन्ही बंद केली, कारण जोडलेल्या बारीक रक्तवाहिन्या तंबाखूने आकुंचन पावतात आणि जखमही लवकर भरत नाही.

खर्चाबद्दल म्हणाल तर आमचे बरेचसे काम महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाले. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, बसतात. शिधापत्रिका, आधार आणि बायोप्सीचा अहवाल घेऊन त्यांना आधी भेटावे आणि कोणते पॅकेज मंजूर होते, प्लेट त्यात येते की नाही, हे लेखी विचारून घ्यावे. इम्प्लांटचा खर्च आम्हाला वेगळा करावा लागला.

मुखशल्य

औदुंबर यांनी लिहिलेले प्रत्येक वाक्य उपयोगी आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत बायोप्सी आणि निदानाची सोय कमी खर्चात होते. रक्तवाहिन्या जोडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र सूक्ष्मशल्यक्रिया करणारा चमू लागतो, म्हणून ‘अशा शस्त्रक्रिया आपल्याकडे वर्षाला किती होतात?’ हे निःसंकोच विचारावे. चांगल्या शल्यचिकित्सकाला या प्रश्नाचा राग येत नाही.

केवळ टायटॅनियमची प्लेट बसवून हाड नंतर कधीतरी लावू, असा स्वस्त पर्याय काही ठिकाणी सुचवला जातो. प्रकृती मोठ्या शस्त्रक्रियेस योग्य नसेल तर तो घ्यावा लागतो. परंतु तरुण, कष्टाचे काम करणाऱ्या माणसात एकटी प्लेट चावण्याचा भार सोसून काही वर्षांत तुटू शकते किंवा त्वचेतून बाहेर येते. कापलेल्या हाडाचे अंतर पाच-सहा सेंटिमीटरच्या आत असेल आणि भोवतीचा मऊ भाग चांगला असेल, तर कमरेच्या हाडाचा तुकडा रक्तवाहिन्यांशिवायही रुजतो आणि तो पर्याय खर्चाने बराच हलका पडतो. या गाठीनंतर किरणोपचार लागत नाहीत, त्यामुळे नव्या हाडात इम्प्लांट चांगले रुजतात, ही रुग्णांच्या दृष्टीने मोठी जमेची बाजू आहे.

रानजाई

अहवाल आला. अमेलोब्लास्टोमाच आहे, नेहमीच्या प्रकारचा. पण सीटी पाहून डॉक्टर म्हणाले की खालची कड राखता येईल, गाठ अजून तेथवर पोहोचलेली नाही. त्यांनीही ओपीजीवर कागद ठेवून रेषा काढून दाखवल्या. खालच्या रेषेखाली १२ मिलिमीटर हाड उरते आहे. आईने ते पट्टीने स्वतः मोजले. पुढच्या गुरुवारी शस्त्रक्रिया आहे. काढलेले हाड तपासणीला पाठवण्याविषयी मी विचारले, तेव्हा ते म्हणाले की आधी शस्त्रक्रियागृहातच त्याचा क्ष-किरण काढून कडा पुरेशा सुटल्या आहेत का ते पाहतील आणि मग पॅथॉलॉजीला पाठवतील.

कृष्णाकाठ

फार फार बरे वाटले. ओठाच्या बधिरपणाविषयी त्यांना आधीच विचारून घ्या. नस राखता येणार असेल तरी काही महिने ओठ झोपल्यासारखा राहतो आणि तोवर चहा कोमट करूनच द्यावा. तोंड भाजले तरी त्याला कळणार नाही.

रुग्णालयात जाताना एक जाड वही आणि दोऱ्याने बांधलेले पेन बरोबर न्या. पहिले काही दिवस बोलता येत नाही आणि आडवे पडून लिहिताना पेन सारखे खाटेखाली जाते. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर ‘पाणी’, ‘उशी वर करा’ आणि ‘तुकडा पाठवला का?’ असे लिहिलेले आहे. तिसऱ्या वाक्याखाली माझ्या यजमानांनी प्रयोगशाळेच्या पावतीचा क्रमांक लिहून दिला होता. ती पावती आणि त्यानंतरचा अहवाल आता त्याच फाइलमध्ये आहे, जिच्यात २०१६चा तो दोन शब्दांचा कागद लावलेला आहे.